बॉल जॉइंट बदलण्याआधी वजन कुठे बसले आहे ते पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस उघडला, गळीत हंगाम तोंडावर आला. आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या पिकअप गाड्यांना उसंत नाही. ऊसतोड टोळ्यांचे सामान, दुधाचे कॅन, शाहू मार्केट यार्डाकडे जाणारा गूळ आणि भाजीपाला, सगळे त्यांच्याच पाठीवर. यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षे वापरातल्या आहेत. चार महिने चिखलपाण्यातून पळाल्यावर पुढच्या चाकातून 'खट्ट' असा आवाज येऊ लागतो आणि नाव निघते ते बॉल जॉइंटचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या, वाटीत फिरणाऱ्या गोळीच्या सांध्याचे. मालक दुकानातून जॉइंट आणतो, अंगणात जॅक लावतो आणि कामाला लागतो. काम अंगणात होण्यासारखे आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे इतकेच, की गाडीचे वजन नेमके कुठल्या जॉइंटवर बसले आहे हे न पाहताच हातोडा चालवला जातो. तपासणी चुकते ती यामुळे, आणि बोटे चेंगरतात तीही यामुळेच.

आधी गाडीखाली वाकून पाहा. पुढे पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल दिसला, तर तिथे बहुधा किंगपिन असतात. ते काम वेगळे, ते इथे घेत नाही. प्रत्येक चाकामागे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, म्हणजे चासीकडून चाकाकडे येणारे लोखंडी हात, दिसले, तर त्यांच्या टोकांना नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, धरून ठेवणारे दोन बॉल जॉइंट असतात. आता स्प्रिंग कुठल्या आर्मवर टेकते ते शोधा. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल, किंवा चासीला समांतर मागे जाणारी जाड सळई, म्हणजे टॉर्शन बार, खालच्या आर्मला जोडलेला असेल, तर वजन खालच्या जॉइंटवर. काही गाड्यांत बार वरच्या आर्मला असतो; तिथे वजन वरच्या जॉइंटवर. ज्याच्यावर वजन तो बहुतेक आधी झिजतो. दुसरा जॉइंट नकलला फक्त जागेवर धरून ठेवतो. रिकाम्या पिकअपच्या पुढच्या दोन चाकांवर मिळून टनाच्या आसपास भार असतो, म्हणजे वजनाच्या एकेका जॉइंटवर उभ्या गाडीतसुद्धा अर्ध्या टनाच्या आसपास. खड्ड्यात चाक आदळले की हा आकडा क्षणभर कितीतरी वाढतो.

काही रचनांत या वजनामुळे गोळी वाटीत दाबली जाते, काहींत ती वाटीतून बाहेर ओढली जाते. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. वाटीची कड झिजत गेली की एक दिवस गोळी निसटते, चाक मडगार्डखाली दुमडते, ब्रेकची होस (रबरी नळी) ताणून तुटू शकते आणि स्टिअरिंग हातात नुसते फिरते. करूळ किंवा फोंडा घाटाच्या उतारावर हे झाले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

जॉइंट झिजतो तो मुख्यतः रबरी बूट, म्हणजे गोळीवरचे आवरण, फाटल्यावर. बूट शाबूत आणि आत ग्रीस असेल तोवर गोळी वर्षानुवर्षे चालते. फाटलेल्या बुटातून पाणी आणि बारीक माती आत गेली की ग्रीसचा खरवडणारा लगदा होतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडच्या गाड्यांना लाल चिखल आणि अखंड पाणी. शिरोळ-हातकणंगल्याकडे काळी माती, जी बुटाभोवती लिंपून बसते, सुकते आणि पहिल्या वळणालाच रबर चिरते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून वापरात असतील, तर त्यांचे बूट दाबून पाहा. दाबल्यावर दुधाळ ग्रीस किंवा गंजाचे पाणी बाहेर आले तर तो जॉइंट संपला, त्यात नवीन ग्रीस भरून काही साधत नाही.

दुसरे कारण माणसाने केलेले असते. गाडी पुढून उंच दिसावी म्हणून टॉर्शन बारचा बोल्ट आवळून घेतात. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आर्म खाली झुकतो आणि जॉइंटची दांडी (गोळीला जोडलेली, नकलमध्ये बसणारी) कायम तिरक्या कोनात राहते. मग चाक जरा खाली गेले की दांडी वाटीच्या कडेला भिडते. अशा गाडीत नवीन जॉइंटही लवकर जातो. आधी उंची मूळ मापावर आणा.

आता तपासणी. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. गाडी चासीला जॅक लावून उचलतात, चाक वर-खाली हलवतात, खेळ (सैलपणा) जाणवत नाही आणि 'जॉइंट चांगला आहे' असा निर्वाळा देतात. वजन खालच्या आर्मवर असलेल्या गाडीत चासी उचलली की चाक खाली लोंबते, पण स्प्रिंग आर्मला अजूनही खाली ढकलत असते. त्या दाबाने खालची गोळी वाटीत घट्ट बसलेली राहते आणि झिजलेला जॉइंटही ठाम वाटतो. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली लावायचा, जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका, पण जॉइंटच्या टोपीवर नाही. चाक जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर सुटले पाहिजे. आता स्प्रिंगचा भार जॅकवर गेला आणि जॉइंट मोकळा झाला. टायरखाली पहार घालून हळू उचला आणि सोडा; दुसऱ्या माणसाने नकल आणि आर्म यांच्यातल्या फटीवर बॅटरीचा उजेड धरून पाहावे.

वजन वरच्या जॉइंटवर असेल तर उलट करायचे. गाडी जमिनीवर असतानाच वरचा आर्म आणि चासी यांच्यामध्ये कठीण लाकडाचा ठोकळा बसवा आणि मग चासी उचला. ठोकळ्यामुळे आर्म खाली येत नाही, जॉइंट सैल होतो आणि खेळ दिसतो.

नजरेवर भागवू नका. लोहचुंबकाच्या स्टँडचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळासारखे यंत्र) आर्मवर बसवून त्याची सुई नकलला दांडीजवळ टेकवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, डायल गेज नाही असे मशीन शॉप सापडणार नाही. अर्धा दिवस मागून आणता येतो. वजनाच्या जॉइंटला किती खेळ चालतो हे कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेले असते, आणि काही जॉइंट नवीन असतानाही थोडा उभा खेळ दाखवतात. म्हणजे 'हलतो आहे' एवढ्यावर जॉइंट बाद होत नाही, मापाबाहेर हलला तर होतो. वजन नसलेल्या जॉइंटला मात्र बहुतेक गाड्यांत हाताला जाणवेल इतका खेळ चालत नाही. तो पाहायला टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा.

या आत-बाहेर हलवण्यात एक फसगत असते. चाकाचा बेअरिंग सैल असला तरी टायर तसाच हलतो. म्हणून सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिले तर जॉइंट किंवा आर्मचे बुश (आतले रबरी अस्तर). टायर डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवल्यावर खेळ आला तर टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची सळई नकलला जोडणारा सांधा, पाहा. आणि 'खट्ट' हा आवाज शॉकअपच्या बुशातून, स्टॅबिलायझरच्या लिंकमधून किंवा आर्मच्या फाटलेल्या बुशातूनही येतो. चारही बॉल जॉइंट बदलूनही आवाज तसाच राहिला अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्या गाडीत बहुतेकदा यातलेच काहीतरी निघते.

आवाज न करणारा खराब जॉइंटही असतो. तो आतून सुकून आखडतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, महामार्गावर गाडीला सतत इकडून तिकडे सावरावे लागते. त्याला खेळ शून्य असतो, म्हणून मापात तो पास होतो. चाक हवेत ठेवून, टायरॉड सोडवून नकल हाताने फिरवा. अडकत, झटके देत फिरली तर तोही बदलायचा.

आता जोडीने बदलायचे का? एका बाजूचा वजनाचा जॉइंट झिजून गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तेवढेच किलोमीटर चाललेला असतो. आमच्या मते दोन्ही बाजूंचे वजनाचे जॉइंट एकदम बदलावेत; वजन नसलेले, मापात बसत असतील आणि बूट धड असतील, तर राहू द्यावेत. चारही बदला हा सल्ला सरसकट देणे बरोबर नाही, खर्च वाढतो आणि चांगल्या भागाला उगाच हातोडा लागतो.

सामान आधी गोळा करा. तीन टनी ट्रॉली जॅक, चासीखाली द्यायला तेवढ्याच ताकदीच्या दोन लोखंडी घोड्या, खालच्या आर्मखाली द्यायला आणखी एक जॅक, मागच्या चाकांना लाकडी ओट्या (पाचरी). विटा किंवा दगड चालणार नाहीत. वीट भार येताच फुटते. अर्ध्या इंचाचा सॉकेट सेट, टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा), एक-दीड किलोचे दोन हातोडे, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, सर्क्लिपची (खोबणीत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) पक्कड, व्हर्नियर, डोळ्यांचा चष्मा. जॉइंट सोडवायला दोन जबड्यांचा स्क्रूचा पुलर घ्या. दोन दात्यांचा चिमटा ठोकून घालण्याची पद्धत झटपट असते, पण तो बूट फाडतो. जॉइंट फेकायचाच असेल तर ठीक, टायरॉड एंड परत वापरायचा असेल तर तिथे तो अजिबात लावू नका. नवीन स्प्लिट पिना आणि नायलॉनचे लॉक नट आधीच आणून ठेवा, जुने परत वापरायचे नाहीत.

जॉइंट घेताना नुसते गाडीचे नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक दांडीचा टेपर (निमुळता भाग) बदललेला असतो. जुना भाग क्रमांक किंवा चासी नंबर द्या. दुकानातच नवीन जॉइंटची दांडी हाताने फिरवून पाहा: ती जड आणि एकसारखी फिरली पाहिजे. मोकळी लटपटली किंवा मध्येच अडखळली तर परत द्या. आटे, बुटाची तार आणि टेपरची पॉलिश डोळ्यांखाली घाला.

आदल्या संध्याकाळी सगळे नट ब्रशने घासून स्प्रे मारून ठेवा. टॉर्शन बारच्या बोल्टचे आटेही घासून ठेवा, चिखल भरलेले आटे फिरवले तर ते जातात. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, मातीत घोडी रुतते. गाडी थोडी मागे-पुढे ढकलून स्प्रिंग बसू द्या आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. हे माप नसेल तर शेवटी गाडी एका बाजूला कललेली राहते. चाकाचे नट जमिनीवरच पाव फेरा सैल करा. मागे ओट्या लावा, हँडब्रेक ओढा, पुढून चासी उचलून घोड्या द्या, चाक काढा आणि ते चासीखाली आडवे सरकवून ठेवा. घोडी सरकली तरी गाडी चाकावर थांबेल, अंगावर येणार नाही.

यापुढची गोष्ट दोनदा वाचावी. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर, वरचा जॉइंट सोडवायचा असो की खालचा, आधी दुसरा जॅक खालच्या आर्मखाली लावून त्याला किंचित वर घ्या. पुष्कळ जणांना वाटते, वरच्या जॉइंटवर वजन नाही, मग तो बिनधास्त सोडवावा. पण चाक लोंबत असताना स्प्रिंगचा जोर खालचा आर्म, नकल आणि वरचा आर्म या साखळीवरच अडलेला असतो. वरचा जॉइंट सुटला की साखळी तुटते आणि खालचा आर्म नकलसकट खाली झेपावतो. कॉइल स्प्रिंग असेल तर ती उडून बाहेर येऊ शकते. तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लावा आणि शिवाय स्प्रिंगला साखळी घालून चासीला बांधा. कॉम्प्रेसर नसेल तर कॉइलच्या गाडीचा खालचा जॉइंट घरी काढू नका.

टॉर्शन बार असेल तर काम सोपे होते, कारण ताण काढता येतो. बारच्या मागच्या टोकाशी असलेल्या बोल्टचे किती आटे बाहेर दिसतात ते व्हर्नियरने मोजा, बार आणि त्याच्या खोबणीवर रंगाची एकच रेघ ओढा, मग बोल्ट सैल करा. दोन्ही बाजूंचे बार सारखे दिसले तरी डाव्या-उजव्याची अदलाबदल चालत नाही. बारवर पाइप पाना लावू नका, हातोडा मारू नका. त्याच्या पृष्ठभागावरच्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो.

ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो होसवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वरच्या आर्मला किंवा चासीला बांधा. फोर बाय फोर गाडीत अ‍ॅक्सलच्या शाफ्टचा नट आधी सोडवावा लागतो आणि शाफ्टचा बूट ओढला जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

स्प्लिट पिन काढा, नट सोडवा, पण पूर्ण काढू नका. तीन-चार आटे अडकलेले राहू द्या. टेपर सुटतो तो धडाक्याने. नट असला तर आर्म जागच्या जागी थांबतो. पुलर लावून चांगला ताण द्या आणि मग नकलच्या ज्या कानात टेपर बसला आहे त्या कानावर बाजूने एक सणसणीत घाव घाला, पलीकडून दुसरा हातोडा टेकवून. कान क्षणभर दबतो आणि टेपर सुटतो. दांडीच्या टोकावर हातोडा मारू नका. आटे पसरतात, नट निघत नाही आणि टेपर जागचा हलत नाही. गॅसची ज्योत तर दाखवूच नका. नकल आणि आर्म यांना कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन मजबुती आणलेली असते, ती लाल होईपर्यंत तापवली की जाते, आणि जवळचे ग्रीस पेट घेते.

जॉइंट आर्मला बसवण्याचे प्रकार तीन-चार. बोल्टचा सगळ्यात सोपा. फक्त बसवण्याची दिशा खुणेने टिपून ठेवा, कारण काही गाड्यांत वरचा जॉइंट उलटा फिरवला की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. आर्मसकटच येणारा जॉइंट असेल तर अख्खा आर्म बदलावा लागतो.

रिव्हेट असतील तर रिव्हेटच्या डोक्याच्या मध्यभागी पंचने खूण करा, आधी ३ मिमीचे छिद्र, मग रिव्हेटच्या दांड्याइतक्या जाडीचा ड्रिल, तोही फक्त डोक्याच्या खोलीइतका. डोके छिन्नीने उडवा आणि दांडा पंचने बाहेर काढा. आर्मचे छिद्र मोठे होता कामा नये. बरेच जण इथे गॅस कटर लावतात. पाच मिनिटांत काम होते आणि आर्म कायमचा मऊ पडतो. नवीन जॉइंटसोबत आलेले बोल्टच वापरा. नसतील तर डोक्यावर १०.९ छापलेले, बरोबर जाडीचे घ्या, पेटीत पडलेले कुठलेही नव्हेत.

दाबून बसवलेल्या जॉइंटला सर्क्लिप असते, ती काढा. मग सी आकाराचा प्रेस: एका बाजूला जॉइंटला ढकलणारा कप, दुसऱ्या बाजूला जॉइंट आत मावेल असा नळा, आणि नळा आर्मच्या कडेवरच पूर्ण टेकलेला. नळा तिरका बसला तर आर्मचा कान वाकतो. प्रेस नसेल तर आर्म काढून उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेसवर न्या. घरी घणाने ठोकून बसवलेल्या जॉइंटच्या वाटीला आतून चिरा पडतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

नवीन जॉइंट आत जाताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रतिकार जाणवला पाहिजे. नुसत्या हाताने किंवा दोन टिचक्यांत आत गेला, तर आर्मचे भोक मोठे किंवा अंडाकृती झाले आहे आणि आर्म बदलावा लागणार. इथे एक वाईट पद्धत रुळली आहे: सैल जॉइंटला तीन-चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारायचे. त्या उष्णतेने आतली प्लॅस्टिकची वाटी वितळते, ग्रीस जळते, आणि वेल्डच्या कडेला आर्म तडकतो. असा टाका मारलेला जॉइंट जुन्या गाडीत दिसला तर आर्म आणि जॉइंट दोन्ही त्याच दिवशी बदला, भाडे थांबले तरी चालेल. आम्ही हे कळकळीने सांगत आहोत, कारण वेल्ड पाहून मालकाला वाटते की काम उलट पक्के झाले.

सर्क्लिप खोबणीत पूर्ण बसली का हे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चहूबाजूंनी चाचपून पाहा. ग्रीसचा निप्पल टायरला किंवा शाफ्टला लागणार नाही अशा बाजूला आला पाहिजे.

नकलमधला टेपर कोरड्या फडक्याने लख्ख पुसा. तिथे ग्रीस किंवा तेल लावायचे नाही. टेपर कोरड्या घर्षणावरच धरतो, आणि तेलकट टेपरला नट आवळताना दांडी गरजेपेक्षा खोल ओढली जाते. दांडी नुसती हाताने आत घालून हलवून पाहा. डगमगली, किंवा नट आटे संपेपर्यंत गेला तरी टेपर घट्ट झाला नाही, तर नकलचे भोक झिजले आहे आणि नकल बदलायची. मध्ये पत्रा घालून भागवू नका. आवळताना दांडी नटाबरोबर फिरू लागली तर आर्मखालचा जॅक जरा वर घ्या. दाबाने टेपर बसतो आणि फिरणे थांबते.

टॉर्क पुस्तकातलाच घ्या, कारण पिकअपमध्ये हा आकडा साधारण ७० ते १६० न्यूटन-मीटर इतका गाडीगणिक बदलतो. पाना किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर न्यूटन-मीटरचा आकडा ९.८ ने भागा. खाचांच्या नटाला टॉर्क दिल्यावर पिनेचे भोक जुळले नाही तर नट आणखी पुढे आवळून पुढची खाच जुळवा. मागे सैल करून जुळवलेली पिन म्हणजे सैल जॉइंट. पिनेचा एक पाय दांडीच्या टोकावर, दुसरा खाली नटावर वळवा आणि जास्तीचा भाग कापा.

आर्मचे आतले बोल्ट, म्हणजे बुशाचे, सोडवले असतील तर ते चाक लोंबत असताना शेवटचे आवळू नका. त्या स्थितीत आवळले की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. गाडी चाकांवर उभी करून मग पूर्ण आवळा.

निप्पल असेल तर लिथियम ईपी-२ ग्रीस हळूहळू भरा, बूट जरा फुगेपर्यंत. ग्रीसगनचा दाब मोठा असतो. शेवटचा एक झटका नव्या बुटाची कड उचकटतो. निप्पल नसलेला जॉइंट सीलबंद असतो, त्याला भोक पाडून निप्पल बसवू नका.

चाक लावण्याआधी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून होस कुठे पिळली जाते का ते पाहा. टॉर्शन बारचा बोल्ट लिहिलेल्या मापावर आणा, चाक लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, गाडी खाली घ्या, मागे-पुढे ढकला आणि मडगार्डची उंची पुन्हा मोजा. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. जॉइंट बदलल्यावर चाकांचा टो (आत-बाहेर वळलेला कोन) आणि कॅम्बर सरकतोच, आणि अलाइनमेंट टाळली तर नवा टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्ला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाकाचे नट आणि जॉइंटचे बोल्ट परत टॉर्क पान्याने पाहा, पिना डोळ्यांनी पाहा.

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या एका दिवसाच्या भरवशावर राहू नका. जून उजाडण्याआधी आणि गळीत हंगामाआधी असे दोनदा बूट तपासा. बूट फाटलेला वेळीच दिसला तर जॉइंट वाचवायची संधी असते, खडखड सुरू झाल्यावर नसते.

शेवटी एक मागणी. स्क्रूचा पुलर, कपांचा सी प्रेस आणि टॉर्क पाना वर्षातून एकदा लागतात, म्हणून कोणी विकत घेत नाही आणि हातोड्यावर भागवतो. शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी ही तीन हत्यारे अनामत घेऊन दिवसाच्या भाड्याने द्यावीत. जॉइंट विकणाऱ्यालाच ते सगळ्यात सोपे आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा विभाग असतो, हत्यारेही असतात. त्यांनी हंगामाआधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी डायल गेजने जॉइंट मोजून द्यायची सोय केली, तर विद्यार्थ्यांना खऱ्या गाड्यांवर हात बसेल आणि कुठला जॉइंट बदलायचा हे मालकाला आकड्यात कळेल. आपल्या दैनिकाने हे दोघांच्या कानावर घालावे, ही विनंती.

आपले,
गॅरेजच्या कामातले काही वाचक,
कोल्हापूर